नागासाकीहून पत्र

प्रिय आई, बाबा,

काल आमची बोट नागासाकीला लागली. ब्रेकफास्टची ड्युटी आटपून नऊला सुटलो, दोनला परत हजर व्हायचं होतं. बरोबरची पोरं फुकटचं वायफाय शोधत बंदराजवळच बसली. मी एकटाच निघालो. कुठे, ते आई तू ओळखलंच असशील. आपल्या वसईच्या संत गोन्सालो गार्सियाला भेटायला.

इथे अजून ट्राम चालते. मागच्या दाराने चढायचं, उतरताना पुढे ड्रायव्हरजवळच्या पेटीत पैसे टाकायचे, कुठेही उतरलं तरी भाडं एकच. मी अर्थातच चुकीच्या ट्राममध्ये बसलो. एका आजोबांनी हाताला धरून उतरवलं आणि योग्य ट्राम येईपर्यंत थांबून राहिले.

स्टेशनसमोर निशिझाका नावाची छोटी टेकडी आहे. बाबा, तुमचे गुडघे कुरकुरले असते, पण चढला असतात. ५ फेब्रुवारी १५९७ ला जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकुमाने तिथेच सव्वीस ख्रिस्ती लोकांना क्रुसावर चढवलं, त्यातलाच एक आपला गोन्सालो. क्योटोत आधी त्यातल्या बहुतेकांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला, मग ऐन थंडीत जवळजवळ महिनाभर चालवत इथे आणलं. १९६२ साली उभारलेल्या भिंतीवर सव्वीस जणांचे ब्राँझचे पुतळे ओळीने आहेत. त्यातले तीन जरा बुटके. ती पोरं आहेत, सगळ्यात लहान बारा वर्षांचा. मी खाली उभा होतो म्हणून असेल, नजर चेहऱ्यांच्या आधी पायांवर गेली. कुणाचेच पाय जमिनीला टेकलेले नाहीत, बोटं खाली लोंबतात.

लहानपणी सणाच्या मिस्सेत हे सगळं ऐकताना मी झोपा काढायचो, तू चिमटे काढायचीस. काल मात्र एकच गोष्ट डोक्यात घोळत राहिली. वसईचा हा माणूस इतकं चांगलं जपानी बोलायचा की फ्रान्सिस्कन फादरांनी त्याला दुभाष्या म्हणून आणलं होतं. मला इतकी वर्षं बोटीवर काढून 'आरिगातो'च्या पुढे जाता येत नाही!

शेजारच्या म्युझियममधल्या बाईंना मी छातीवर हात ठेवून 'गार्सिया, वसई' म्हटलं. त्यांनी आधी मान हलवली, मग एकदम डोळे मोठे केले. तुमचं गाव कसं आहे, असं खुणेने विचारलं. मोबाइलमध्ये किल्ल्याचा एकही फोटो नाही! सापडला तो तुझा, अंगणात सुकेळी वाळत घालतानाचा. त्यांनी तो कितीतरी वेळ पाहिला. सुकेळी म्हणजे काय ते काही मला सांगता आलं नाही.

अणुबॉम्ब पडला ती जागा त्याच ट्रामने पुढे आहे, पण घड्याळाने जाऊ दिलं नाही. परतताना कास्तेला नावाचा केक घेतला. पोर्तुगीजांची देणगी. आपल्याकडे ते दोनशे वर्षं राहिले आणि किल्ला ठेवून गेले, इथे केक. त्यात लोणी नसतं, तळाला जाड साखरेचे दाणे लागतात, दाताखाली कुरकुर वाजतात. तुमच्यासाठी ठेवणार होतो, पण रात्रीच्या ड्युटीनंतर भूक लागली.

बाबा, किल्ल्यातल्या गार्सियाच्या चर्चचा एक चांगला फोटो काढून पाठवा, सकाळच्या उन्हात. बाईंनी म्युझियमचा पत्ता लिहून दिलाय.

तुमचा,
बाबू