आजींच्या वर्षस्मरणाबाबत सभासदांना सूचना
गंगापुरीतील आपल्या आजींना जाऊन येत्या रविवारी एक वर्ष पूर्ण होत असून, त्यानिमित्त सायंकाळी ५ वाजता वाईच्या गणपती घाटावर, ढोल्या गणपतीच्या देवळाजवळ, सर्व सभासदांनी जमावे, ही विनंती. माघात सुरू होणाऱ्या कृष्णाबाईच्या, म्हणजे कृष्णा नदीच्या, उत्सवासाठी वर्षभर वाती वळणाऱ्या, प्रसादाच्या पंगतीत सर्वांत शेवटी पानावर बसणाऱ्या आणि परगावच्या कितीतरी विद्यार्थ्यांना जेवू घालूनही त्याचा कधी उच्चार न करणाऱ्या आजींची एक आठवण प्रत्येकाने लिहून आणावी. चार ओळीही पुरेत. त्यांच्या मेतकुटाचे प्रमाण कोणास ठाऊक असल्यास तेही अवश्य लिहावे, कारण ते कोठेच नोंदलेले नाही. हारतुरे आणू नयेत. आजींना ते आवडत नसत. सर्व कागद त्यांच्या नातीकडे सुपूर्द केले जातील.