झाडूचा दांडा आणि ३० किलो

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

गेली दोन वर्षे आठवड्यातून दोनदा मी आपल्या तळघरातल्या व्यायामशाळेत येते आणि दर वेळी ‘येते हं’ एवढेच म्हणून जिना चढते. तोंडावर आभार मानायला गेले तर आपण ‘पुढचा सेट घ्या’ म्हणाल, म्हणून हे पत्र. आणि पन्नाशी ओलांडलेल्या इतर बायकांच्याही ते वाचनात यावे, म्हणून उघड.

आपल्याकडे आले तेव्हा मी ५३ वर्षांची होते. पाळी जाऊन तीन वर्षे झाली होती, हाडांच्या तपासणीत टी-स्कोअर (हाडांची घनता तरुण निरोगी हाडांच्या तुलनेत किती, ते सांगणारा आकडा) उणे १.९ आला होता, आणि तो अहवाल जिथे दाखवला त्या दवाखान्यात ‘कॅल्शियम घ्या, चालत राहा, वजन मात्र उचलू नका’ एवढे सांगून लगेच पुढच्या रुग्णाला हाक मारली होती. गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर मी रोज इमानेइतबारे फेऱ्या मारत होते, तरीही पांडवलेणी उतरताना लेकीचा खांदा लागायचा आणि तांदळाचा डबा खाली काढायला मुलाची वाट पाहावी लागायची.

उणे १ ते उणे २.५ म्हणजे हाडे विरळ होत आहेत, ठिसूळ झालेली नाहीत, हे आपण समजावून सांगितलेत. तिशीनंतर दर दहा वर्षांनी स्नायू साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटतात, साठीनंतर आणखी वेगाने, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या सूचनांत चालण्यासारख्या व्यायामाच्या जोडीला आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूबळाचा व्यायाम सांगितला आहे, हेही आपल्याकडूनच कळले. ‘तुम्ही औषधाचा अर्धाच डोस घेताय,’ असे आपण म्हणाला होतात.

पहिला महिनाभर आपण माझ्या हाती वजन दिलेच नाहीत. झाडूचा दांडा पाठीवर उभा धरायला लावलात: डोके, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड अशा तिन्ही ठिकाणी तो टेकलेला राहिला पाहिजे आणि तरीही खुब्यातून वाकता आले पाहिजे. कुठे सुटला की आपण काही न बोलता दांड्यावर टिचकी मारायचात. तीस वर्षे बँकेच्या खुर्चीत काढलेल्या मला कंबर कुठे संपते आणि खुबा कुठे सुरू होतो, ते त्या टिचक्यांनी शिकवले. मग ४ किलो, ८, १२, आणि वहीत प्रत्येक दिवसाची नोंद. उचलताना श्वास रोखला की रक्तदाब एकदम चढतो, म्हणून आपण मोठ्याने आकडे मोजायला लावलेत. आकडा म्हणताना श्वास आपोआप सुटतो, ही युक्ती मला फार आवडली. (आपण लावता ती गाणी मात्र अजूनही आवडत नाहीत.)

सर्वांत मोठे ऋण सासूबाईंच्या बाबतीतले आहे. त्या ७८ वर्षांच्या. आपण घरी येऊन त्यांना हातांची छातीशी घडी घालून खुर्चीतून उठायला सांगितलेत, तेव्हा बसायला दोन उश्या देऊनही त्यांना एकदाच उठता आले. ‘आता या वयात कुठे?’ असे त्या म्हणाल्यावर आपण नव्वदीतल्या वृद्धाश्रमवासीयांवर झालेला १९९० चा अमेरिकी अभ्यास सांगितलात. आठ आठवड्यांच्या वजनाच्या व्यायामाने त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली होती. सासूबाई म्हणाल्या, ‘मग मी अजून लहानच आहे की.’ दिवाळीपर्यंत दोन्ही उश्या निघाल्या. त्रिपुरी पौर्णिमेला गोदाघाटावर दिवा सोडायला त्या स्वतः पायऱ्या उतरल्या. मी दोन पायऱ्या खाली हात पुढे करून उभी होते, पण तो त्यांनी धरला नाही.

माझ्या वहीची शेवटची ओळ काल भरली: डेडलिफ्ट (खुब्यातून वाकून जमिनीवरचे वजन उचलत उभे राहणे), ३० किलो, पाच वेळा. सोमवारी नवी वही आणते. सासूबाईंनी स्वतःसाठीही एक मागवली आहे, ठळक रेघांची.

आपली कृतज्ञ,
गंगापूर रोडवरील एक विद्यार्थिनी