सुध्याला पत्र

शिकागो,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय सुध्या,

तुझं पत्र दोनदा वाचलं. भोसरीची नाइट शिफ्ट करून घरी यायचं, ट्रॅक बनवायला लॅपटॉप उघडायचा आणि ‘हे कुठल्या क्लबात वाजणार?’ म्हणून परत मिटायचा. लॅपटॉप विकायला काढलायस हे वाचून तर पोटात कालवलं रे. विकू नकोस. आधी मला जे-लिनबद्दल सांगू दे.

जेरिलिन पॅटन तिचं नाव, गाव गॅरी, इंडियाना. इथून साउथ शोअरच्या गाडीने तासाभरावर. 1906 मध्ये यूएस स्टीलने कारखान्यासाठी वसवलेलं गाव. ही बाई स्टील मिलमध्ये कामाला होती आणि शिफ्ट सांभाळून घरी ट्रॅक बनवायची. सॉफ्टवेअर कुठलं, तर एफएल स्टुडिओ. तुझंच! 2015 मध्ये इंग्लंडच्या प्लॅनेट म्यू या रेकॉर्ड कंपनीने तिचा पहिला अल्बम ‘डार्क एनर्जी’ काढला, तेव्हाही ती मिलमध्येच होती.

तिची मुळं फुटवर्कमध्ये. हे शिकागोच्या काळ्या वस्त्यांमधलं नाचाचं संगीत, मिनिटाला साधारण 160 ठोके. पण खालचा बास बरेचदा निम्म्या लयीत चालतो, त्यामुळे एकाच वेळी घाईही वाटते आणि ठायही. आपल्या पथकात ढोल संथ पडायचा आणि तुझी तर्री वरून धावत सुटायची, आठवतं? आरपी बू, डीजे रशाद ही यातली मोठी माणसं. रशाद 2014 मध्ये गेला, फार लवकर.

मागच्या शनिवारी एका तळघरात मी फुटवर्कची बॅटल, म्हणजे नाचाची चुरस, पाहिली. माणसं गोल करून उभी, मध्ये एकेक जण उतरतो. एक पोरगा बाहेरच्या बर्फातून आला, ओले बूट काढले, पिशवीतून दुसरे काढून घातले. मग खाली बसून दोन्ही तळवे फडक्याने कोरडे केले, अगदी सावकाश, तू ताशाच्या काड्या पुसायचास तसे. आणि गोलात शिरला. सुध्या, कमरेच्या वर सगळं सैल आणि खाली पाय दिसेनात! डीजेचं लक्ष त्या पायांवरून हलत नव्हतं. एक ठोका त्याने मुद्दाम गाळला, तर त्या मोकळ्या जागेत पोराने टाच मारली. माझ्या अंगावर काटा आला.

जे-लिनचं संगीत याच गोलातून निघालं आणि भलतीकडेच गेलं. सुरुवातीला तिने दुसऱ्याच्या गाण्याचा तुकडा घेऊन एक ट्रॅक केला आणि आईला ऐकवला. आईला आवडला, पण आईने विचारलं, यात तू कुठे आहेस, तुझा आवाज कसा आहे? त्यानंतर ती गाण्यांच्या उसन्या तुकड्यांऐवजी स्वतःचे आवाज घडवू लागली. मला तिच्या साऱ्या गोष्टीत हाच प्रसंग सगळ्यात मोठा वाटतो. पुढे 2017 च्या ‘ब्लॅक ओरिगामी’च्या दिवसांत तिने बंगळुरूच्या अव्रिल स्टॉर्मी अंगर या नर्तिकेबरोबर काम केलं. मग थर्ड कोस्ट पर्कशन या शिकागोच्याच चौघा तालवादकांसाठी ‘पर्स्पेक्टिव्ह’ रचलं. तिने संगणकावर केलेलं त्यांनी हातांनी वाद्यांवर उतरवलं. ते 2023 मध्ये संगीताच्या पुलित्झर पुरस्काराच्या अंतिम यादीत होतं. ही बाई अजूनही गॅरीचीच म्हणून ओळखली जाते.

तू गेल्या वर्षी पाठवलेले बर्लिनच्या चालीचे चार ट्रॅक स्वच्छ होते, पण त्यात मला तू सापडला नाहीस. सापडलास तो चुकून आलेल्या चाळीस सेकंदांत. तुझ्या कारखान्यातला फोर्जिंगचा हॅमर, मागे कुणीतरी ‘चहा आला’ म्हणतंय, आणि त्यावर तू टेबलावर बोटांनी वाजवलेला आपल्या पथकातला ठेका, ‘दुसरा हात’. हॅमर लयीत नाही म्हणून तू ते टाकून दिलंस. अरे, तो लयीत नाही म्हणूनच तुझी बोटं त्याला शोधत जातात!

ती फाइल काढ. हॅमर सरळ करू नकोस, चहावालाही ठेव. जशी आहे तशी बुधवारपर्यंत पाठव, मी सुट्टी टाकली आहे. काकूंनाही ऐकव आणि त्या काय म्हणाल्या ते शब्दन् शब्द लिही.

तुझाच,
नंदू