श्वास मोजल्याशिवाय औषध लिहू नकोस

चि. रेवा,

अनेक आशीर्वाद.

तुझा सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स संपत आला. वॉर्डात निदान डॉक्टरांनी लिहिलेलं असायचं, तू औषध द्यायचीस. उपकेंद्रात सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणून बसलीस की समोरच्याला काय झालंय हे आधी तुलाच ठरवावं लागेल. परवा तू विचारलंस, की रोज सर्दी-खोकला-तापच येणार, मग त्यातला साधा कुठला आणि पुढे पाठवायचा कुठला हे कसं ओळखायचं? फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

खोकणाऱ्या बाळापासून सुरू करते, कारण चूक तिथे सगळ्यात महागात पडते. स्टेथोस्कोप हातात घ्यायच्या आधी श्वास मोज. बाळ आईच्या मांडीवर शांत हवं. झोपलं असेल तर फारच छान, उठवू नकोस. अंगडं आईलाच वर करायला सांग. तुझा हात लागला की ते रडेल आणि मोजणी फुकट जाईल. नजर पोट आणि छाती मिळतात तिथे ठेव, आणि घड्याळ असं धर की मान न वळवता दोन्ही दिसेल. मग पूर्ण ६० सेकंद मोज. १५ सेकंद मोजून चारने गुणायची घाई करू नकोस. तान्ह्याचा श्वास एका लयीत चालत नाही, मध्येच थांबतो, मध्येच पळतो. एक श्वास चुकला की गुणाकारात चार चुकतात.

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६० किंवा जास्त, दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतल्याला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त म्हणजे श्वास जलद. अगदी लहानग्याचे ६० भरले तर पुन्हा मोज. दोन्ही वेळा भरले तरच जलद धर.

त्यानंतर छाती बघ. श्वास आत घेताना पोट वर येतं, ते नेहमीचंच. पण त्याच वेळी छातीचा खालचा भाग आत खेचला जातो का? फक्त रडताना किंवा दूध पिताना दिसलं तर ते धरू नकोस. शांत बाळात, दर श्वासाला दिसायला हवं. नाक चोंदलं असेल तर आधी साफ करून मग बघ.

जलद श्वास आणि आत खेचली जाणारी छाती या न्यूमोनियाच्या खुणा. गडचिरोलीकडच्या आया न्यूमोनियाला ‘डब्बा’ म्हणतात. तुझी नेमणूक जिथे होईल तिथला शब्द आशाताईंकडून पहिल्याच आठवड्यात विचारून घे. आई ‘न्यूमोनिया’ म्हणणार नाही, ‘पोट उडतंय’ म्हणेल. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्या कार्यकर्त्यांसाठी श्वास मोजायचं मण्यांचं साधन केलं होतं: दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, मिनिट मोजायला वाळूचं घड्याळ. त्यामुळे ज्यांना पन्नासपर्यंत आकडे येत नव्हते त्यांनाही न्यूमोनिया ओळखता आला. तुझ्याकडे तर सगळं शिक्षण आहे, फक्त ते एक मिनिट सोडू नकोस.

पीत नाही, प्यालेलं सगळं उलटतं, झटके आले, किंवा मूल सुस्त पडलंय, हलवूनही नीट जागं होत नाही: यातलं एकही असेल तर प्रोटोकॉलप्रमाणे अँटिबायोटिकचा पहिला डोस देऊन लगेच १०८ला फोन. नुसता जलद श्वास असेल, मूल दोन महिन्यांच्या वरचं असेल आणि बाकी ठीक असेल, तर अमॉक्सिसिलीन दिवसातून दोनदा, पाच दिवस, आणि दोन दिवसांनी पुन्हा बोलाव. मात्रा वजन करूनच ठरव. अंदाजाने दिलेली मात्रा बहुधा कमी पडते. झोप आणणारं सर्दीचं सिरप देऊ नकोस. मूल पेंगायला लागलं की ते औषधाने पेंगतंय की आजाराने, हे तुलाच कळणार नाही.

तापाचा रुग्ण आला की मलेरियाची तपासणी त्याच दिवशी कर, आणि किटवर लिहिलेली मिनिटं पूर्ण होईपर्यंत निकाल वाचू नकोस. डेंग्यूची एनएस१ ही रक्ततपासणी तापाच्या पहिल्या पाच दिवसांत उपयोगी, त्यानंतर आयजीएम ही दुसरी. ताप उतरला म्हणजे संपलं असं डेंग्यूत नसतं. खरा धोका तिथूनच सुरू होतो, म्हणून पोटात सतत दुखणं, थांबत नाहीत अशा उलट्या, हिरड्यांतून रक्त यांबद्दल घरच्यांना बजावून ठेव. तापाला पॅरासिटामॉलच. डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचं इंजेक्शन मागतील, देऊ नकोस, त्याने रक्तस्राव वाढतो. भातलावणीच्या दिवसांत ताप, लाल डोळे आणि दाबल्यावर दुखणाऱ्या पोटऱ्या दिसल्या तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) मनात आण. आणि पावसाळ्यानंतरच्या तापात कपड्यांआडचं अंग बघितल्याशिवाय पेशंटला सोडू नकोस. स्क्रब टायफस हा बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप, त्याची चाव्याच्या जागची खपली विडीचा चटका बसल्यासारखी काळी असते, पण दुखत नाही, म्हणून बाई स्वतःहून सांगत नाही. काख, जांघ, स्तनांखाली, परकराची नाडी बसते ती जागा, हे सगळं पडद्याआड, आशाताईंना सोबत घेऊन बघ.

पहाटे पोटात दुखतंय म्हणून जमिनीवर झोपणारा माणूस आला तर आधी त्याच्या पापण्या बघ. पापण्या जड होत असतील तर मण्यार चावलेली असू शकते, दंशाची खूण दिसो न दिसो. अशा माणसाला गोळी देऊन घरी पाठवू नकोस.

बीपीबद्दल थोडंसंच. चालत आलेल्या माणसाला पाच मिनिटं पाठ टेकवून बसव, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला टेकलेला. अर्ध्या तासात चहा, तंबाखू किंवा मिश्री झाली आहे का ते विचार. ब्लाऊजची घट्ट बाही वर गुंडाळून कफ बांधू नकोस. जाड दंडाला लहान कफ लावला की बीपी नसताना बीपी दिसतं, आणि बाई गोळ्यांना लागते. दोनदा मोज, आणि १४०/९० आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावून मोज, मगच बीपीचा आजार आहे असं म्हण.

पुढे पाठवताना नुसतं ‘ताप-खोकला’ लिहू नकोस. ‘वय ८ महिने, वजन ६.८ किलो, श्वास ५८, छाती आत खेचली जाते, ११ वाजता पहिला डोस दिला’ असं लिहिलंस तर तिथला डॉक्टर चिठ्ठी वाचून लगेच कामाला लागतो.

बाबांबरोबर सेकंदकाट्याचं घड्याळ पाठवतेय. मोबाईलवर मोजू नकोस, मध्येच फोन आला की मोजणी तुटते. त्यात नवा सेल घातलाय, एक जास्तीचा डबीत ठेवलाय.

तुझी,
आई