साऊंडवाल्या भाऊंचे जाहीर आभार

भाऊ, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण सदर, धरमपेठ, रामदासपेठेतल्या कॅफेंत किंवा कुणाच्या गच्चीवर ज्यांनी गिटार गळ्यात अडकवून चार गाणी म्हटली आहेत, त्यांना हे पत्र कुणासाठी आहे ते लगेच कळेल. नागपुरात इंडी रॉक, म्हणजे मोठ्या कंपन्यांवाचून स्वतःच्या हिमतीवर केलेलं रॉक, वाजवणाऱ्यांचं आणि ऐकणाऱ्यांचं गणगोत लहानच. त्या गणगोतात गाण्याचे शब्द स्पष्ट ऐकू यायला लागले ते तुमच्यामुळे. त्याचे हे आभार. नुसतं "धन्यवाद" म्हणून भागणार नाही, म्हणून तुम्ही नेमकं काय शिकवलंत तेही लिहितो. अमरावती-चंद्रपूरकडच्या नव्या पोरांच्याही ते कामी येईल.

"इंडीचा आवाज ओबडधोबडच असतो, त्यात साऊंडचं एवढं काय?" असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. तुम्ही हे कधीच मान्य केलं नाही. न्यूयॉर्कच्या द स्ट्रोक्स या बँडच्या २००१ सालच्या पहिल्या अल्बमवर गायकाचा आवाज फाटका येतो, तो एका छोट्या प्रॅक्टिस अँपमधून ठरवून काढलेला आहे. त्यांची गाणी कव्हर करताना आपल्याकडची पोरं तोच आवाज मिक्सरचा गेन (आत येणारा आवाज वाढवायची कळ) चढवून काढायला जातात. प्रीअँप (माइकचा बारीक सिग्नल मोठा करणारा भाग) क्लिप होतो, म्हणजे आवाज फाटतो, मॉनिटर (गायकाकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर) शिट्टी मारतो आणि शब्द बुडतात. तुम्ही एकाच माइकचे मिक्सरवर दोन चॅनेल, म्हणजे दोन वेगळ्या वाटा, करायला शिकवलंत. एक स्वच्छ ठेवायचा, दुसऱ्यावर ओव्हरड्राइव्ह (आवाज मुद्दाम फाडणारा इफेक्ट) लावायचा आणि तो पहिल्याच्या खालून हळूहळू वर आणायचा. मॉनिटरमध्ये मात्र स्वच्छच पाठवायचा, कारण ओव्हरड्राइव्हमुळे बारीक आवाजही मोठ्याच्या बरोबरीला येतो आणि फीडबॅकला, म्हणजे त्या शिट्टीला, आयतं निमंत्रण मिळतं.

तसंच हळू कडवं आणि अंगावर येणारं ध्रुवपद यांचं. ऐंशीच्या दशकात बोस्टनच्या पिक्सीजनी ही रीत रुळवली आणि पुढे कितीतरी बँडांनी ती उचलली. अशा गाण्याच्या मास्टरवर, म्हणजे सगळ्या आवाजांच्या एकत्र मिश्रणावर, कॉम्प्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारं यंत्र) दाबून बसवला तर कडवं आणि ध्रुवपद सारख्याच उंचीवर येतात, मग गाण्यात उरतं काय? म्हणून तुम्ही मास्टर मोकळा सोडता आणि फक्त गायकाच्या चॅनेलवर तो साधारण ३:१ (ठरलेल्या पातळीवर आवाज तीन डेसिबल चढला तर एकच बाहेर) लावता, तेही तीन-चार डेसिबल कपात होईल इतकंच. साऊंडचेकला "चेक, वन, टू" नको, सेटमधलं सगळ्यात जोरकस ध्रुवपद पूर्ण ताकदीने वाजवा, हा तुमचा आग्रह त्याचसाठी. डिजिटल मिक्सरच्या मीटरवर सरासरी उणे १८ डेसिबलच्या आसपास आणि मोठ्यात मोठा फटका उणे ६ च्या खाली (शून्य म्हणजे कमाल). "आधी गेन, मंग फेडर (आवाजाची सरकती कळ)," हे तुमचं वाक्य आता कित्येकांच्या तोंडी बसलं आहे.

फीडबॅकवर तुम्ही जेवढा वेळ दिलात तेवढा कुणी देत नाही. बहुतेक ठिकाणी शिट्टी आली की साऊंडवाला फेडर खाली ओढतो, गायकाला स्वतःचा आवाज येईनासा होतो, तो ओरडायला लागतो आणि तिसऱ्या गाण्यात घसा बसतो. तुम्ही आधी माइककडे बघता. एसएम५८ सारखा कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणारा) माइक मागच्या बाजूने बहिरा असतो, म्हणून मॉनिटर बरोबर त्याच्या शेपटीच्या रेषेत हवा. सुपरकार्डिऑइड, म्हणजे समोरचा आणखी अरुंद पट्टा ऐकणाऱ्या माइकला, मात्र मागूनही थोडं ऐकू येतं. त्याची बहिरी जागा समोरून मोजली तर दोन्ही बाजूंना साधारण १२५ अंशांवर असते, म्हणून त्याच्यासाठी मॉनिटर तिरपा सरकवायचा. माइक बदलला आणि मॉनिटर तिथेच राहिला की शिट्टी ठरलेली.

आणि ती जाळी मुठीत धरायची सवय! व्हिडिओत छान दिसतं, पण जाळीच्या मागच्या अर्ध्या भागातून कॅप्सूलच्या पाठीला हवा पोचते, त्यावरच माइकची दिशा ठरते. तो भाग तळहाताने झाकला की माइक चहूबाजूंनी ऐकायला लागतो. तुम्ही त्या पोरांना कधी रागावला नाहीत. मॉनिटर चालू ठेवून एकदा मूठ आवळायला आणि एकदा दांडा धरायला लावलंत. फरक त्यांच्याच कानांनी ऐकला. तोंड माइकपासून दहा सेंटिमीटरवरून पाचवर आणलं तर सहा डेसिबल फुकटात मिळतात, हेही असंच दाखवलंत. मात्र जवळ गेलं की खर्जही फुगतो, म्हणून गायकाच्या चॅनेलवर १०० हर्ट्झच्या आसपास लो-कट (त्याखालचे सूर कापणारा फिल्टर).

अकूस्टिक गिटारचा पत्र्यासारखा आवाज ही आणखी एक रड. पिएझो पिकअपला (गिटारच्या घोडीखाली बसवलेल्या, तारांचा कंप टिपणाऱ्या पट्टीला) साधारण एक मेगाओम रोधाचा इनपुट लागतो. साध्या पॅसिव्ह, म्हणजे विजेशिवाय चालणाऱ्या, डीआय बॉक्समध्ये (गिटारचा सिग्नल मिक्सरला मानवेल असा करणाऱ्या डबीत) तो त्यापेक्षा फारच कमी असतो, मग खालचे सूर आटतात. त्यासाठी अ‍ॅक्टिव्ह डीआय, त्याला मिक्सरमधून ४८ व्होल्टचा फँटम (माइकच्याच वायरीतून येणारा वीजपुरवठा), आणि वायर जोडता-काढताना चॅनेल म्यूट. गिटारमध्ये प्रीअँप असेल तर पॅसिव्हही चालतो, फक्त त्या प्रीअँपची ९ व्होल्टची बॅटरी कार्यक्रमाआधी नवी घालायची. गिटार ते डीआय ही वायर सहा मीटरपेक्षा लांब नको, नाहीतर सिग्नल वाटेतच दुबळा पडतो. त्यापुढे बॅलन्स्ड एक्सएलआर (वाटेतली गुणगुण रद्द करणारी तीन पिनांची वायर) बरीच लांब नेता येते.

आता अर्थिंग. यासाठी तुमचे आभार सगळ्यात आधी मानायला हवे होते. स्पीकरमधून ५० किंवा १०० हर्ट्झची गुणगुण आली की प्लगची जाडी पिन काढून टाकायची जुनी खोड आपल्याकडे आहे. गुणगुण जाते, पण अँपमध्ये काही बिघाड झाला तर गिटारच्या तारांत वीज उतरते, आणि गायकाचे ओठ अर्थ असलेल्या माइकला टेकलेले असतात. हा जिवाशी खेळ आहे. तुम्ही जाड्या पिनेला हात लावू देत नाही. साऊंडचं सगळं सामान एकाच बोर्डवरून, एकाच फेजवर घेता, डिमर आणि दिवे दुसऱ्या फेजवर टाकता, उरलेल्या गुणगुणीसाठी डीआयवरची ग्राउंड लिफ्टची कळ (ती फक्त सिग्नलच्या वायरीची अर्थ तोडते, विजेची नाही) दाबता आणि जुन्या घराच्या गच्चीवर कार्यक्रम असला तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) असलेला बोर्ड स्वतः घेऊन येता. चालू करताना आधी मिक्सर आणि शेवटी पॉवर अँप, बंद करताना नेमकं उलटं. लाईट गेली की पहिले पॉवर अँप बंद, म्हणजे लाईट आल्यावर स्पीकर दणका खात नाही.

नागपूरचा उन्हाळा कुठल्या परदेशी मॅन्युअलमध्ये नसतो. एसीच्या खोलीत सुरात लावलेली गिटार मे महिन्यात संध्याकाळी गच्चीवर नेली की तार तापून ढिली पडते आणि सूर खाली सरकतो. म्हणून केस उघडून वीस-पंचवीस मिनिटं गिटारला बाहेरच्या हवेत बसू द्यायचं, मग ट्यून करायची. कोरड्या हवेत अकूस्टिकची समोरची लाकडी पाटी आकसते, कधी चिरते. केसमध्ये ४५ ते ५५ टक्के आर्द्रता राहील असं ह्युमिडिफायर ठेवा, हा तुमचा सल्ला ऐकणाऱ्यांच्या गिटारी शाबूत आहेत. पॉवर अँपच्या पाठीमागे वीतभर जागा मोकळी आणि वर सावली हवी, नाहीतर तो तापून ऐन रंगात स्वतःच बंद पडतो. आणि स्वस्तातली टेप उन्हात वितळून वायरींना चिकटते, म्हणून कापडी गॅफर टेपच.

लहान कॅफेत बास का घुमतो, हेही तुम्ही आकड्यांत उलगडलंत. समोरासमोरच्या भिंती चार मीटरवर असल्या तर ३४३ भागिले ८, म्हणजे सुमारे ४३ हर्ट्झला खोली स्वतःच गायला लागते. बासची मोकळी ई तार ४१ हर्ट्झची, तिला ते अगदी लागून येतं. अशा खोलीत बासचा अँप भिंतीपासून आणि कोपऱ्यापासून दूर, खुर्चीवर. ड्रमला किकपुरता (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमपुरता) एकच माइक, बाकीचं काचा आणि फरश्या सांभाळून घेतात.

रेकॉर्डिंग हवं असेल तेव्हाचा तुमचा सुतळीचा तुकडा तर आता सगळ्यांच्या ओळखीचा आहे. ग्लिन जॉन्स या इंग्रज ध्वनिमुद्रकाच्या नावाने ओळखली जाणारी ती रीत. एक माइक स्नेअरच्या (मधल्या कडकडणाऱ्या ड्रमच्या) डोक्यावर मीटरभर उंचीला, दुसरा फ्लोअर टॉमच्या (जमिनीवर पायांवर उभ्या मोठ्या ड्रमच्या) बाजूने. सुतळीचं एक टोक स्नेअरच्या मध्यावर अंगठ्याने दाबायचं, दुसरं पहिल्या माइकपर्यंत ताणून तिथे गाठ मारायची, आणि दुसरा माइक त्या गाठीपाशी येईपर्यंत सरकवायचा. ३४ सेंटिमीटरचा फरक राहिला तर एका माइकमध्ये स्नेअर एक मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि दोन्ही मिसळल्यावर त्याचा कणाच निघून जातो.

दहाच्या नियमाबद्दलही कुणीतरी लिहायला हवं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद, आणि निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्रीची ४५. तुम्ही वेळापत्रक दहापासून मागे मोजत आणता. तीन बँड असले तर सात वाजता पहिला, प्रत्येकी चाळीस-पंचेचाळीस मिनिटं, मधे पंधरा मिनिटांची अदलाबदल, पावणेदहाला शेवटचा सूर. साऊंडचेक उलट्या क्रमाने, शेवटी वाजवणारा बँड आधी, म्हणजे पहिल्या बँडची मांडणी झाली की ती तशीच राहते. स्पीकरचं तोंड शेजाऱ्यांच्या खिडक्यांकडे नाही. कव्हर वाजवायचे असतील तर गीत-संगीताच्या सादरीकरणाचा आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेचा) परवाना आयोजकांनी काढला आहे का, हे तुम्ही आगाऊ रक्कम घेण्याआधी विचारता. मधल्या वेळात रेकॉर्ड केलेली गाणी लावायची तर त्याची परवानगी वेगळी. या चौकशीचा काहींना कंटाळा येतो, पण तिच्यामुळेच जागा टिकतात.

आणि दाराशी ठेवलेली, कानात घालायच्या फोमच्या बोळ्यांची ती बरणी. शंभर डेसिबलला कान पंधराच मिनिटं सुरक्षित, हे तुम्ही पोरापोरींना सांगता. बोळा बोटांत बारीक वळायचा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर ओढायचा, आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचा. नुसता कानाच्या तोंडाशी कोंबला तर काहीच उपयोग नाही. ज्यांना समोर उभं राहून वर्षानुवर्षं गाणी ऐकायची असतील त्यांच्यासाठी एवढी काळजी नागपुरात दुसरं कुणी घेत असेल तर आम्हाला ठाऊक नाही.

भाऊ, हे सगळं तुम्ही हातचं राखून न ठेवता दिलंत. ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांनाही तेवढंच नीट समजावलंत. पुढच्या कार्यक्रमाची चॅनेल लिस्ट आणि स्टेज प्लॉट आठवडाभर आधी पाठवतो. त्यात कोण कुठे उभा राहणार, कुणाला डीआय, कुणाला माइक आणि कुणाच्या मॉनिटरमध्ये काय हवं, सगळं असेल. नव्या बॅटऱ्या, जादा तारा आणि गॅफर टेप आमच्याकडून. वायरी गुंडाळायलाही आम्हीच थांबू, एक वेढा सरळ, एक उलटा, तुम्ही दाखवलात तसाच.

तुमचेच,
नागपुरातले इंडी रॉक वाजवणारे आणि ऐकणारे