रोरिक ऋषी ठरले, पण होते निसर्गचित्रकार

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत निकोलस रोरिक यांच्यावरचा लेख वाचला. एका रशियन चित्रकारासाठी मराठी वर्तमानपत्राने एवढी जागा दिली, याचा आनंद झाला. मात्र लेखात हिमालय, साधना, शंभाला ही हिमालयापलीकडची दंतकथेतली पुण्यभूमी आणि अभिनेत्री देविकाराणीचे सासरे एवढेच रोरिक भेटतात. सुमारे सात हजार चित्रे केलेला हा माणूस रंग कसा लावत होता, यावर एक ओळही नाही. शाळेत चित्रकला शिकवण्यात आयुष्य गेलेल्या मला ते फार लागले.

१८७४ साली सेंट पीटर्सबर्गला जन्मलेल्या रोरिकने वकील व्हावे, ही वडिलांची इच्छा. त्यामुळे त्याने विद्यापीठात कायदा आणि अकादमीत चित्रकला, दोन्ही एकदम केले. त्याचे गुरू आर्खिप कुइंजी. कुइंजींनी १८८० साली नीपर नदीवरच्या चांदण्याचे एकच चित्र अंधाऱ्या दालनात मांडून प्रदर्शन भरवले होते. चित्रामागे दिवा ठेवला आहे की काय, अशी शंका लोकांना येई. रोरिकच्या पर्वतांमधला तो निळा उजेड मला या गुरूच्या हाताखालचा वाटतो. टेम्पेरा (अंड्याचा बलक किंवा डिंक अशा चिकट द्रवात कालवलेले) रंग, मोठे सपाट आकार, बारीकसारीक तपशील गाळून टाकायची हिंमत आणि दोन शेजारच्या छटांमधला नेमका फरक यांतून ते साधले आहे. त्याला गूढ म्हणून हात जोडले की विद्यार्थ्याने शिकायचे काय?

लेखात पूर्ण सुटलेला भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. १९०३ आणि १९०४ साली रोरिक आपल्या पत्नीसह, हेलेनासह, रशियातली जुनी गावे पाहत फिरला. तट, बुरूज, चर्च, मठ यांची त्याने नव्वदेक अभ्यासचित्रे केली. जुनी बांधकामे पडत होती, तर काही दुरुस्तीच्या नावाखाली विद्रूप होत होती. हे त्याला कुणाच्या अहवालातून कळले नाही, समोर बसून रेघ ओढताना दिसले. त्यातली पंचाहत्तर चित्रे अमेरिकेत सेंट लुईच्या प्रदर्शनाला गेली आणि पुढे लिलावात विकली जाऊन विखुरली. पण तेव्हा लागलेला ध्यास सुटला नाही. युद्धातही वास्तू, संग्रहालये आणि शाळांना हात लागू नये, यासाठी त्याने मांडलेल्या करारावर १५ एप्रिल १९३५ रोजी व्हाइट हाउसमध्ये रूझवेल्ट यांच्या उपस्थितीत अमेरिका खंडातल्या एकवीस देशांनी सह्या केल्या. एका निसर्गचित्रकाराच्या स्केचबुकातून इथवर गोष्ट गेली.

परदेशातले दिवस सुखाचे नव्हते. क्रांतीनंतर फिनलंड, लंडन, अमेरिका असे करत १९२३च्या अखेरीस हे कुटुंब भारतात आले. पुढे मध्य आशियाच्या मोहिमेत, १९२७-२८च्या हिवाळ्यात, तिबेटी अधिकाऱ्यांनी त्यांना तिबेटातल्या चांगथांगच्या उंच पठारावर महिनोन्महिने अडवून ठेवले. उन्हाळी तंबूंत, शून्याखाली चाळीस अंश थंडीत, माणसे गेली, काफिल्यातली बहुतेक जनावरे गेली. त्यातूनही शेकडो चित्रे झाली. १९२८ पासून मुक्काम कुलू खोऱ्यातल्या नग्गरला. तिथे वीसेक वर्षे तेच डोंगर तो पुन्हा पुन्हा रंगवत राहिला आणि १३ डिसेंबर १९४७ रोजी तिथेच गेला. ज्या नऊ चित्रकारांच्या कलाकृती आपण राष्ट्रीय ठेवा मानून देशाबाहेर नेऊ देत नाही, त्यांत रवींद्रनाथ, अमृता शेरगिल, राजा रविवर्मा यांच्याबरोबर रोरिक आहे. मूळ चित्रे पाहायला परदेशी जावे लागत नाही. वाराणसीचे भारत कला भवन आणि प्रयागराजचे अलाहाबाद संग्रहालय इथे ती आहेत.

हे सगळे नाशिकच्या वाचकांसाठी लिहिण्याचे कारण आहे. आपले गाव निसर्गचित्रकारांचे आहे. चित्रकार शिवाजी तुपे यांनी गंगेवरचे, म्हणजे आपल्या गोदावरीवरचे घाट रंगवले आणि त्यांच्यामागून कितीतरी पोरे बोर्ड, ब्रश आणि पाण्याचा डबा घेऊन रामकुंडावर बसू लागली. आता सिंहस्थाची कामे निघाली आहेत. रस्ते रुंद व्हावेत, घाट वाढावेत, यात्रेकरूंची सोय व्हावी, याला माझा विरोध नाही. पण सोमवार पेठ, तिवंधा, भद्रकालीतले वाडे दर पावसाळ्यात खचत आहेत. लाकडी तुळया, नक्षीचे खांब, कोनाडे भंगाराच्या भावाने जात आहेत. घाटाच्या जुन्या पायऱ्यांवर नवी फरशी आली की खालचा दगड कोणत्या रंगाचा होता, हेही पुढच्या पिढीला सांगता येणार नाही. पूर आला की पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर चढले, हे आपण एकमेकांना विचारतो. त्या मारुतीच्या आसपासचा काठ आज कसा दिसतो, याची नीट रेखाटने तरी कुठे एकत्र आहेत?

फोटो आहेत, ड्रोनही उडतात, असे कुणी म्हणेल. फोटो जरूर काढावेत. पण वाड्याच्या चौकात दोन तास बसून चित्र काढणाऱ्याला कुठली भिंत फुगली आहे, कुठला सज्जा लोंबतो आहे, ते दिसते. घरातली म्हातारी माणसे येऊन त्याच्याशी बोलतात. तेही वहीत उतरते.

म्हणून माझी सूचना अशी. शहरातल्या कला महाविद्यालयांनी आणि चित्रकारांनी पेठा आपसांत वाटून घ्याव्यात. प्रत्येक वाडा, देऊळ, घाट यांचे जागेवर बसून एक तरी चित्र करावे आणि त्याखाली ठिकाण व तारीख लिहावी. शाळेतल्या इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या मुलांनाही यात घ्यावे. त्यांची रेघ कच्ची असली तरी नजर चांगली असते. ही चित्रे कुणाच्या घरी न जाता एखाद्या सार्वजनिक वाचनालयात किंवा संग्रहालयात एकत्र राहावीत. विकायची झाल्यास आधी प्रती काढून ठेवाव्यात. सेंट लुईला गेलेल्या चित्रांचे काय झाले, ते वर लिहिलेच आहे. आपल्या वृत्तपत्राने दर आठवड्याला त्यांतले एक चित्र छापावे, अशी विनंती.

जुन्या नाशिकची मी केलेली जलरंगातली चित्रे घरात आहेत. त्यांतले काही वाडे आता उभे नाहीत. अशा संग्रहासाठी ती सर्व विनामूल्य द्यायला मी तयार आहे.

– एक निवृत्त कलाशिक्षक, पंचवटी, नाशिक