दुखतंय म्हणून हातातलं काम काढून घेऊ नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पेपरात कंबरदुखी-गुडघेदुखीवर नेहमी काहीतरी येतं, हा व्यायाम करा, असं बसा, वजन कमी करा वगैरे. चांगलंच आहे ते, पण ज्यांचं दुखणं वर्षानुवर्षं जातच नाही त्यांच्याशी घरच्यांनी कसं वागायचं यावर कोणी लिहीत नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

माझी कंबर आणि उजवा गुडघा बरीच वर्षं दुखतोय. तीन महिन्यांच्या वर राहिलं किंवा परत परत येत राहिलं की डॉक्टर त्याला क्रॉनिक पेन म्हणतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची जी नवी यादी २०२२ पासून लागू झाली त्यात त्याला स्वतंत्र जागासुद्धा मिळालीय. मला फिजिओथेरपिस्टनी पहिल्यांदा नीट समजावलं की अशा दुखण्यात नसा आणि मेंदूच जास्त हळवे होऊन बसतात, त्यामुळे प्रत्येक वेळी दुखलं म्हणजे आत काहीतरी नवीन बिघडलं असं नसतं. हे कळलं आणि माझी निम्मी भीती गेली. (अचानक पाय बधिर झाले, लघवीवरचा ताबा गेला, ताप आला तर मात्र सरळ डॉक्टर गाठायचा, तिथे हे शहाणपण चालवायचं नाही.)

पण घरच्यांना कोण समजावणार? उठले की "आई तू बस गं, मी करते". प्रेमानंच म्हणतात, मला माहितीये. पण असं बसवून ठेवलं की स्नायू ढिले पडतात, सांधे आखडतात, रात्री झोप नाही, आणि मग काल जमणारं काम आज खरंच जमेनासं होतं आणि सगळे म्हणतात बघ, सांगत होतो ना! ब्रिटनमध्ये उपचारांबद्दल डॉक्टरांना सूचना देणाऱ्या नाइस या सरकारी संस्थेनं २०२१ मध्ये, ज्या जुनाट दुखण्याचं वेगळं कारण सापडत नाही त्याच्यासाठी व्यायाम आणि हालचाल सुचवली, आणि पॅरासिटामॉलसारख्या गोळ्या नव्यानं सुरू करू नका असं डॉक्टरांना सांगितलं. अर्थात चालू असलेल्या गोळ्या कोणी आपल्या मनानं बंद करू नयेत.

आमच्यासारख्यांची खरी गोची होते ती बऱ्या दिवशी. आज कमी दुखतंय ना, मग कपाट आवर, पडदे धू, सगळं उरकून घे, आणि पुढचे दोन-तीन दिवस अंथरुणात. म्हणून मी आता दुखेपर्यंत थांबत नाही, घड्याळावर थांबते. इस्त्रीला उभी राहिले की एक पाय छोट्या स्टुलावर, मोबाईलवर दहा मिनिटांचा गजर, तो वाजला की शर्टाची एक बाही राहिली असली तरी इस्त्री बंद करून जरा फिरून यायचं, मग ती बाही. बादली अर्धीच भरायची. वेळ जास्त लागतो, लागू दे, मला कुठे गाडी पकडायचीय! तेवढ्यात कोणी येऊन ती बाही उरकून टाकली की मात्र माझं डोकं फिरतं. "मदत करू का?" असं आधी विचारा आणि नको म्हटलं तर खरंच करू नका, एवढंच मागणं आहे.

बाहेर तर वेगळीच तऱ्हा. गुडघा उजवा आणि काठी डाव्या हातात बघून रस्त्यात अनोळखी माणसं थांबवून सांगतात, आजी काठी चुकीच्या हातात धरलीय. अहो ती तशीच धरतात, दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात, उजवा पाय टाकताना काठी सोबत पडते आणि त्या बाजूचा भार कमी होतो. आणि जरा हसून बोलले, बरी चालले, की लगेच "मग आता दुखत नाही वाटतं"! म्हणजे कण्हलं तरच विश्वास. ऑफिसातही तेच, रांगेत नंबर देऊन एक खुर्ची दिली तर माझं काम मीच करीन, पण नाही, "मुलाला पाठवायचं ना".

तर विनंती एवढीच की एकदा एखाद्या ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून, म्हणजे रोजची कामं आपली आपल्याला कशी जमवायची ते शिकवणाऱ्या तज्ज्ञाकडून, लिहून घ्या. घट्ट झाकण, नळ, शर्टाची बटणं, खाली पडलेली वस्तू, हे सगळं न वाकता आणि जोर न लावता कसं करायचं आणि त्यासाठी कोणती साधनं मिळतात, फोटोसकट छापा. आणि अक्षर जरा मोठं ठेवा.

कळावे,
एक नियमित वाचक